पसरणीचे बाबूराव शिर्के : घरे बांधणारा माणूस

आपला खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की आपला तालुका लागतो. खंडाळ्यापुढे खंबाटकीचा घाट. घाट उतरून सुरूरच्या फाट्याला उजव्या हाताला वळले, की रस्ता वाईला जातो. वाईच्या पुढे, पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याशी, पसरणी हे गाव आहे. शाहीर साबळे याच गावचे. त्यांचा आवाज साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. याच गावच्या दुसऱ्या एका माणसाने बांधलेल्या घरांत आज हजारो माणसे राहतात. पण त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. त्या माणसाचे नाव बाबूराव गोविंदराव शिर्के.

हे कसे घडले ते आपण पाहू. ते पाहताना घर कसे उभे राहते, ठेकेदार कोणाला म्हणावे, आणि मान कशाने मिळतो, याही गोष्टी आपल्याला समजतील.

पसरणीचा मुलगा

बाबूरावांचा जन्म १ ऑगस्ट १९१८ रोजी झाला. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. त्या काळी खेड्यातला मुलगा चार इयत्ता शिकला तरी पुष्कळ झाले असे लोक म्हणत. चौथी झाली की मुलगा औतामागे किंवा गुरांमागे जायचा. मुंबईला नातेवाईक असला तर गिरणीत चिकटायचा. त्यापलीकडे वाट दिसतच नसे.

बाबूरावांनी वाट सोडली नाही. ते शिकत राहिले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचले. हे कॉलेज फार जुने, १८५४ साली सुरू झालेले. मोठमोठी धरणे बांधणारे विश्वेश्वरय्या याच कॉलेजात शिकले. इथे बाबूरावांनी बांधकामाच्या विद्येची पदवी घेतली.

अशी पदवी घेतलेला माणूस त्या काळी सरकारी नोकरी धरायचा. पगार ठरलेला, पेन्शन ठरलेली, गावात मान. आम्ही जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा नोकरीची गोडी आम्हाला चांगली ठाऊक आहे. महिना भरला की पगार हातात, म्हणजे रात्री झोप लागते. बाबूरावांनी ती झोप सोडली. १९४४ साली त्यांनी स्वतःचा बांधकामाचा धंदा सुरू केला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. सिमेंट आणि लोखंड सहज मिळत नव्हते. अशा दिवसांत शेतकऱ्याच्या मुलाने ठेकेदारीत पडायचे, याला छाती लागते.

ठेकेदार म्हणजे कोण?

आपल्याकडे ‘ठेकेदार’ म्हटले की लोक नाक मुरडतात. तेव्हा आधी हे काम काय असते ते नीट समजून घेऊ.

समजा, सरकारला एक दवाखाना बांधायचा आहे. आधी इंजिनिअर नकाशा काढतो. मग अंदाजपत्रक होते. पाया किती खणायचा, वाळू किती बरास लागेल, खडी किती, लोखंड किती, सारे त्यात लिहितात. बरास म्हणजे शंभर घनफूट, हे आपल्याला माहीतच आहे. मग सरकार टेंडर काढते, म्हणजे ‘हे काम तुम्ही किती रुपयांत कराल?’ असे विचारते. ठेकेदार आपला आकडा पाकिटात बंद करून देतो. अनामत रक्कम भरतो. ज्याचा आकडा योग्य, त्याला काम मिळते.

आता खरी परीक्षा सुरू होते. आकडा एकदा लिहून दिला की तो बदलता येत नाही. मधेच खडी महागली, गवंडी गावी गेले, पाऊस लवकर आला, तरी काम ठरल्या पैशात आणि ठरल्या मुदतीत पुरे करावे लागते. उशीर झाला तर दंड. काम जसे होईल तसे मोजतात, मोजमापाच्या पुस्तकात लिहितात, आणि मग बिल निघते. पण मजुरांचा पगार आठवड्याच्या आठवड्याला द्यावाच लागतो. बिल निघेपर्यंत तो पैसा ठेकेदाराने आपल्या खिशातून घालायचा.

म्हणून या धंद्यात तीन गोष्टी लागतात. हिशेब चोख पाहिजे, माणसे सांभाळता आली पाहिजेत, आणि लिहून दिलेला शब्द पाळता आला पाहिजे. पहिल्या दोन असून तिसरी नसेल, तर एखादे काम मिळते, दुसरे मिळत नाही. बाबूरावांना एकामागून एक कामे मिळत गेली.

ठेकेदार आणि बिल्डर यांतही फरक आहे, बरे का. बिल्डर स्वतः जमीन घेतो, तिच्यावर घरे बांधतो आणि विकतो. ठेकेदार दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्यासाठी बांधून देतो. बाबूरावांचा मोठा लौकिक बांधून देण्यात झाला.

घरे कमी, माणसे फार

स्वातंत्र्य आले आणि शहरे भराभर वाढू लागली. आपल्या सातारा जिल्ह्यातून किती माणसे मुंबईला गेली, हे कोणाला सांगायला नको. प्रत्येक गावाची तिकडे खोली असायची. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण आळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीच्या माणसाने त्याच वळकटीवर आडवे व्हायचे.

सरकारने यावर उपाय केले. १९४८ साली मुंबईत गृहनिर्माण मंडळ झाले. १९७० साली सिडको झाली, तिने नवी मुंबई वसवली. १९७७ साली म्हाडा झाली. या संस्थांना दहा-वीस घरे बांधून भागत नव्हते. हजारांनी घरे पाहिजे होती, आणि तीही सामान्य माणसाला परवडतील अशी.

आता विचार करा. आपल्या गावात घर बांधतात ते कसे? विटा येतात, वाळू येते. एक गवंडी, दोन बिगारी. एक-एक वीट लागते. सेंटरिंग उभे राहते, स्लॅब पडतो. पावसाळ्यात काम थांबते. एका घराला वर्ष सहज जाते. याच चालीने हजारो घरे बांधायची म्हटली, तर बापाने अर्ज करावा आणि नातवाने घरात राहायला जावे, असे व्हायचे.

बाबूरावांना ही अडचण नेमकी उमगली. घरे भराभर पाहिजेत, तर घर बांधायची रीतच बदलली पाहिजे, असा त्यांनी विचार केला.

पाण्यावर तरंगणारा दगड

युरोपात स्वीडन नावाचा थंड देश आहे. तिथल्या लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वी हलके काँक्रिट शोधून काढले. त्याच्या एका प्रकाराचे नाव सिपोरेक्स. बाबूरावांनी ही विद्या आपल्याकडे आणली आणि पुण्यात मुंढव्याला कारखाना घातला.

सिपोरेक्स कसे करतात ते ऐका. बारीक दळलेली वाळू किंवा राख घेतात. दगडी कोळसा जाळून वीज करतात, तिथे ही राख उरते. तिच्यात सिमेंट, चुना आणि पाणी घालतात. शेवटी ॲल्युमिनिअमची चिमूटभर पूड टाकतात. ही पूड पडली की चुन्याशी तिची क्रिया होते आणि आतल्या आत वायू सुटू लागतो. आंबवलेले पीठ फुगते, तसा हा सारा गारा साच्यात फुगून वर येतो. त्यात लाखो बारीक बुडबुडे होतात. तो थोडा घट्ट झाला, की तारेने त्याच्या सारख्या लाद्या कापतात, जशी सुरीने वडी पाडावी तशी. मग त्या एका प्रचंड लोखंडी भांड्यात घालून दाबाच्या वाफेवर कित्येक तास शिजवतात. आपला घरातला कुकर असतो ना, तसेच ते भांडे, पण खोलीएवढे लांब. शिजून निघालेला ठोकळा कडक होतो. आत मात्र जाळी राहते.

याचा फायदा काय? एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढे विटांचे बांधकाम वजनाने सुमारे १९०० किलो भरते. तेवढेच साधे काँक्रिट २४०० किलोच्या आसपास भरते. सिपोरेक्सचा तेवढाच ठोकळा सहाशे किलोच्या जवळपास असतो. म्हणजे विटांच्या तिसऱ्या हिश्श्याने. पाण्यात टाकला तर तो तरंगतो! भिंत हलकी झाली की पायावरचा भार कमी होतो आणि लोखंड कमी लागते. त्या बारीक बुडबुड्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून उन्हाळ्यात घर लवकर तापत नाही. ठोकळा मोठा, म्हणून भिंत लवकर उठते.

पण कोणतीही वस्तू सर्वगुणी नसते. सिपोरेक्स पाणी शोषते, म्हणून बाहेरून गिलावा चांगला करावा लागतो. त्याच्या कडा जपाव्या लागतात. जड कपाट टांगायचे तर साधा खिळा चालत नाही, त्यासाठी वेगळा अडकवणा लागतो. वस्तूचे गुण पाहावेत तसे दोषही पाहावेत, म्हणजे मागाहून पस्तावा होत नाही.

घर कारखान्यात तयार होते

बाबूरावांनी आणखी एक गोष्ट केली. घराचे खांब, तुळया, तक्तपोशी हे सगळे भाग कारखान्यातच साच्यात ओतून तयार करायचे. मग गाडीवर घालून जागेवर न्यायचे. उंच क्रेनने उचलायचे आणि एकमेकांना जोडायचे. सुतार चौकटीचे भाग घरी करतो आणि जागेवर येऊन बसवतो, त्यातलाच हा प्रकार.

यात वेळ वाचतो, हे तर झालेच. कारखान्यावर छप्पर असते, म्हणून पावसाळ्यातही भाग तयार होत राहतात. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. काँक्रिटची ताकद मापावर असते. सिमेंट किती, वाळू किती, खडी किती, आणि विशेष म्हणजे पाणी किती. जागेवर बिगारी घमेल्याने माप घालतो. कालवायला सोपे जावे म्हणून पाणी जास्त ओततो. पाणी जास्त झाले की काँक्रिट कमजोर होते. वरून ते दिसत नाही. दहा वर्षांनी स्लॅब गळू लागला, लोखंड गंजून पापुद्रे पडू लागले, की कळते. कारखान्यात प्रत्येक गोष्ट मोजून घालता येते.

मग आपण आपले एक घर असे का बांधत नाही? कारण साचा, क्रेन आणि कारखाना यांचा खर्च मोठा असतो. एका घरासाठी तो परवडत नाही. एकाच नमुन्याची शेकडो घरे असली म्हणजे तो खर्च सर्वांत वाटला जातो. म्हणून ही रीत सिडको आणि म्हाडा यांच्या मोठ्या वसाहतींना सोयीची पडली. शिर्के यांच्या कंपनीने अशी पुष्कळ घरे बांधली.

पुण्याजवळ बालेवाडी आहे. १९९४ साली राष्ट्रीय खेळांचे सामने तिथे भरले. त्यासाठी मोठे क्रीडासंकुल पाहिजे होते आणि मुदत फार थोडी होती. खेळाची तारीख काही पुढे जात नाही. ते संकुल शिर्के यांच्या कंपनीने वेळेत उभे केले. आज मुंबईकडून पुण्याला येताना हमरस्त्यावरून ते दिसते. त्याला शिवछत्रपतींचे नाव आहे.

विलायतेतला एक लॉर्ड

आता थोडे परदेशात जाऊ. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड सॅम्युअल नावाचा एक गृहस्थ होता. जन्म १९१२ सालचा. बाबूरावांनी धंदा सुरू केला त्याच १९४४ साली त्याने एक लहान कंपनी विकत घेतली. तिच्याजवळ लंडनमध्ये तीन घरे आणि काही सरकारी रोखे होते, बस्स. युद्धात बाँब पडून लंडनचा मोठा भाग पडला होता. युद्ध संपल्यावर कचेऱ्यांना जागा लागणार, हे त्याने ओळखले. मोक्याच्या इमारती घ्यायच्या, बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या, असे तो करत गेला. ती कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या जागावाल्या कंपन्यांपैकी एक झाली.

१९६३ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. १९७२ साली तो लॉर्ड झाला. लॉर्ड झाला म्हणजे नावाला मान तर मिळालाच, शिवाय त्यांच्या पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात बसायचा हक्कही मिळाला. पूर्वी हा हक्क बापाकडून मुलाकडे जायचा. १९५८ साली तिकडे कायदा झाला. कर्तबगार माणसाला त्याच्या हयातीपुरते लॉर्ड करावे, मुलाने आपले आपण पाहावे, असे ठरले. सॅम्युअल असाच हयातीपुरता लॉर्ड होता. १९८७ साली तो वारला. जाताना त्याने आपली ८४ जुनी मोलाची चित्रे लंडन शहराला देऊन टाकली.

दोघेही इमारतींच्या धंद्यातले. पण सॅम्युअलचे बळ जागेची पारख आणि भाडे यांत होते. बाबूरावांचे बळ बांधण्याच्या रीतीत होते.

आपल्याकडे पदवी नाही

आपल्या देशात असा लॉर्ड होता येत नाही. इंग्रजांच्या राज्यात रावसाहेब, रावबहादूर, सर अशा पदव्या होत्या. रावसाहेब आले की बाकीच्यांनी उठून उभे राहायचे. स्वतंत्र भारताची घटना झाली, तिच्या १८ व्या कलमात लिहिले, की सरकारने कोणाला अशी पदवी देऊ नये. फक्त सैन्यातला हुद्दा आणि विद्येची पदवी यांना मुभा ठेवली. माणूस माणसासारखा, मतपेटीपुढे सारे सारखे, हा त्यामागचा विचार.

मग १९५४ साली पद्म पुरस्कार सुरू झाले, ते कसे? यावर लोक कोर्टात गेले. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की हे पुरस्कार म्हणजे कामाचा गौरव आहे, पदवी नव्हे. म्हणून ते नावाच्या आधी किंवा मागे पदवीसारखे लावू नयेत.

बाबूराव शिर्के यांना २००३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांचे वय ८४ होते. लोक प्रेमाने त्यांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ म्हणतात. त्यात माया आहे. पण त्या शब्दाने त्यांना कोणत्या सभागृहात जागा मिळाली नाही, की कोणावर हुकूम चालवायचा हक्क मिळाला नाही. ज्या घरात एखादे कुटुंब दार लावून निर्धास्त झोपते, तिथे त्यांचा मान आहे. २०१० साली ते वारले. त्यांनी आपले चरित्र स्वतः लिहून ठेवले आहे. त्याचे नाव ‘जिद्द’.

यातून आपण काय घ्यावे?

आपल्या तालुक्याचे रूप बदलले आहे. शिरवळ-खंडाळ्याकडे कारखाने आले, हमरस्ता रुंद झाला. कोणाची जमीन गेली, कोणी विकली, कोणाच्या हातात एकरकमी पैसा आला. जन्मात एकदाच येणारा पैसा घरात किंवा प्लॉटमध्ये घालायचा असतो. इथेच माणूस फसतो. वाचता न येणारा फसतोच, पण वाचता येऊन न वाचणाराही फसतो. गोड बोलणाऱ्याच्या भरवशावर सही करून बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक : प्लॉट घेण्याआधी ताजा सातबारा काढा आणि स्वतः वाचा. मालक कोण, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, जमीन बिनशेती झाली का, ते पाहा.

दोन : बिल्डरकडून घर किंवा प्लॉट घेत असाल तर महारेराचा नोंदणी नंबर मागा. २०१६ साली यासाठी कायदा झाला. घरांच्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असेल आणि घरेही आठांहून जास्त असतील, तर नोंदणी लागते. नंबर खरा आहे का, ते मोबाईलवर पाहता येते. तुम्हाला जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलीला सांगा.

तीन : करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

चार : स्वतः घर बांधत असाल तर गवंड्याशी झालेला ठराव कागदावर लिहा. किती बरास वाळू, किती पोती सिमेंट, किती दिवस, किती मजुरी. काँक्रिटमध्ये पाणी मापाने घालायला सांगा, आणि स्लॅब पडल्यावर निदान आठवडाभर त्यावर पाणी धरून ठेवा. सिमेंटची ताकद त्या पाण्याने वाढते. कालवताना पाणी थोडे आणि पडल्यावर भरपूर, एवढे लक्षात ठेवले तरी घर टिकेल.

पसरणीच्या शेतकऱ्याच्या मुलाने मापाने बांधले आणि लिहून दिलेला शब्द पाळला. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा दुसऱ्याने लिहून दिलेला शब्द तपासून पाहणे, हे तुमचे काम.

विचार करा आणि सांगा

१. ठेकेदार आणि बिल्डर यांत काय फरक आहे?
२. सिपोरेक्सचा ठोकळा पाण्यावर का तरंगतो?
३. काँक्रिटमध्ये पाणी जास्त घातले तर काय होते?
४. आपल्या देशात कोणाला लॉर्ड का होता येत नाही?
५. तुमच्या घराचा किंवा शेताचा सातबारा आणून वर्गात वाचा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत?